भाकर, ऋण आणि प्रार्थना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

वसईच्या वाड्यांतून, गोव्याच्या गावांतून आणि अहिल्यानगर-जालना भागातील खेडोपाडीच्या वस्त्यांतून रविवारी सकाळी एक प्रार्थना ऐकू येते. ख्रिस्ती समाज तिला प्रभूची प्रार्थना म्हणतो. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, सिरियन असे एकमेकांशी शतकानुशतके वाद घातलेले पंथ या प्रार्थनेपाशी मात्र एक होतात. लहान मुलाला ती पाठ असते आणि मरणाच्या शय्येवरील म्हाताऱ्याच्या ओठांवरही तीच असते. मूळ ग्रीक भाषेत ती साठांच्या आत शब्दांची आहे. चळवळीतला कार्यकर्ता बहुधा ती आदराने ऐकतो आणि पुढे जातो. ती दुसऱ्याच्या श्रद्धेची खाजगी बाब आहे, तिचा आपल्या कामाशी काय संबंध, असे त्याला वाटते. हा आदर चांगला. पण ज्या आदरात समजून घेण्याची इच्छा नसते तो आदर पुष्कळदा उपेक्षेचेच सभ्य रूप असतो.

या प्रार्थनेच्या मध्यभागी दोन शब्द उभे आहेत आणि ते दोन्ही अर्थशास्त्राचे आहेत. एक भाकर, दुसरा ऋण. देवाचे नाव, त्याचे राज्य आणि त्याची इच्छा यांविषयीच्या तीन मागण्या संपल्या की प्रार्थना करणारा माणूस एकदम पोटाकडे आणि खतावणीकडे वळतो. जगातील कोट्यवधी माणसे दररोज या दोन शब्दांचा उच्चार करीत असताना भुकेचा आणि कर्जाचा प्रश्न हाताळणाऱ्यांनी त्यांचा अर्थ न विचारणे बरे नव्हे.

प्रथम संहितेविषयी. नव्या करारात ही प्रार्थना दोन ठिकाणी येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात ती डोंगरावरील प्रवचनाचा भाग आहे. लूकच्या शुभवर्तमानात, योहानाने आपल्या शिष्यांना प्रार्थना शिकविली तशी तुम्हीही शिकवा अशी विनंती एक शिष्य करतो आणि तिच्या उत्तरादाखल ती येते. लूकचा पाठ आखूड आहे, मत्तयाचा लांब. चर्चमध्ये म्हटला जातो तो सामान्यतः मत्तयाचा. राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही देवाचीच आहेत अशा अर्थाचा जो समारोप पुष्कळ ठिकाणी जोडला जातो, तो मत्तयाच्या सर्वांत जुन्या, चौथ्या शतकातील हस्तलिखितांत आढळत नाही. उपासनेच्या परिपाठातून तो पुढे आत आला असावा. ‘दिदाखे’ या नावाची एक प्राचीन ख्रिस्ती पुस्तिका १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली आणि १८८३ साली प्रसिद्ध झाली. तीत ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगितले आहे. तिन्ही त्रिकाळ भाकर आणि ऋण यांची आठवण करून देणारी ही शिस्त होती.

आता पहिला शब्द पाहावा. प्रार्थनेतील पित्याला लावलेले सर्वनाम अनेकवचनी आहे. देव ‘माझा’ पिता नाही, ‘आमचा’ आहे. भाकर ‘आमची’, ऋण ‘आमचे’, कसोटीही ‘आमची’. ‘मी’, ‘मला’, ‘माझे’ हे शब्द आरंभापासून अखेरपर्यंत एकदाही येत नाहीत. याच्या जरा आधी मत्तय सांगतो की लोकांनी पाहावे म्हणून चवाठ्यावर उभे राहून प्रार्थना करू नये, खोलीत जावे, दार लावून घ्यावे आणि एकांतात करावी. आणि या बंद दाराआड, जिथे दुसरे कोणी नाही, तिथे एकट्या माणसाने म्हणावयाचे ते मात्र ‘आमचे’! एकांतातसुद्धा माणसाला समूहातून सुटका नाही. व्यक्तीच्या मोक्षाची खाजगी वाट येथे बंद केलेली आहे. शेजारी उपाशी असताना ‘आमची भाकर’ म्हणणारा माणूस दार लावून घेतले तरी खोटेच बोलत असतो.

‘पिता’ आणि ‘राज्य’ हे शब्दही त्या काळी निरुपद्रवी नव्हते. रोमन सिनेटने इ.स.पूर्व २ मध्ये ऑगस्टस सम्राटाला राष्ट्रपिता ही पदवी दिली होती. ‘बासिलेया’ हा प्रार्थनेतील राज्याचा ग्रीक शब्द राजेरजवाड्यांच्या राज्यालाही तसाच लागू होत असे. येशू ज्या गालिलात वाढला तेथे रोमचा मांडलिक हेरोद अंतिपास इ.स.पूर्व ४ पासून इ.स. ३९ पर्यंत सत्तेवर होता. त्याने सेफोरिस शहर पुन्हा उभारले आणि सरोवराच्या काठी सम्राट तिबेरियसचे नाव दिलेले तिबिरिया हे नवे शहर वसविले. अशी शहरे कोणाच्या घामावर उभी राहतात हे खेडुताला सांगावे लागत नाही. अशा प्रदेशात, पिता दुसराच आहे आणि राज्यही दुसरेच यावयाचे आहे, अशी प्रार्थना दररोज शिकविणे ही साधी गोष्ट नव्हती. शिवाय ते राज्य मेल्यानंतर वर जाऊन गाठावयाचे नाही. ईश्वरी इच्छा पृथ्वीवर घडावी अशी मागणी आहे. प्रार्थनेचा प्रवास आकाशाकडून जमिनीकडे आहे, आणि म्हणूनच तिचा पुढचा शब्द भाकर हा आहे.

या भाकरीला जोडलेले ग्रीक विशेषण ‘एपिऊसिओस’ हे विद्वानांना दोन हजार वर्षे छळीत आले आहे. ग्रीक वाङ्मयात ते या प्रार्थनेखेरीज जवळजवळ कोठेच सापडत नाही. तिसऱ्या शतकातील ओरिजेन हा स्वतः ग्रीक भाषिक पंडित. त्यालाही वाटले की शुभवर्तमानकारांनीच तो शब्द घडविला असावा. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन भाषांतराचे संस्करण केले तेव्हा एकाच ग्रीक शब्दाला त्याने लूकमध्ये ‘रोजची’ असा आणि मत्तयात ‘द्रव्यापलीकडची’ अशा अर्थाचा प्रतिशब्द ठेवला. एका भाकरीचे दोन अर्थ झाले. एक पोटाचा, दुसरा वेदीवरचा. इब्री लोकांच्या शुभवर्तमानात येथे ‘उद्याची’ अशा अर्थाचा शब्द होता असेही जेरोमने नोंदवून ठेवले आहे.

या शब्दाची एक चटका लावणारी कथा आहे. १८८९ साली इजिप्तमधील हावारा येथील उत्खननातून निघालेला एक पपायरसचा तुकडा प्रसिद्ध झाला. ती कोणाची तरी खर्चाची यादी होती, आणि तीत हाच शब्द असल्याचे वाचकाने नोंदविले. प्रार्थनेतले गूढ विशेषण वाणसामानाच्या यादीत सापडले! याचा अर्थ तो शब्द रोजच्या शिध्याचा असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. पुढे तो तुकडा हरवला. १९९८ साली तो येल विद्यापीठाच्या संग्रहात पुन्हा हाती आला, तपासला गेला, आणि असे दिसून आले की तेथे हा शब्द नव्हताच. तेथे तेलाचा शब्द होता. पुरावा गेला, प्रश्न होता तिथेच राहिला. परंतु यादीतील पुरावा गेला म्हणून शिध्याचा अर्थ गेला असे होत नाही, कारण तो अर्थ ज्या परंपरेतून येतो ती यादीपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

ती परंपरा मान्नाची. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले लोक अरण्यात उपाशी पडले तेव्हा आकाशातून अन्न उतरले, ही निर्गमाच्या पुस्तकातील कथा प्रसिद्ध आहे. तिच्यातील चमत्कारापेक्षा तिच्यातील वाटपाचा नियम अधिक महत्त्वाचा आहे. ज्याने त्याने आपल्या घरातील माणसांच्या गरजेपुरते गोळा करावयाचे. ज्याने जास्त वेचले त्याच्याकडे माप केल्यावर उरले नाही, ज्याने कमी वेचले त्याला कमी पडले नाही. उद्यासाठी दडवून ठेवले त्यात किडे पडले. अपवाद एकच: विश्रामदिवसाच्या आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती, कारण विश्रांतीचा हक्क भुकेने हिरावला जाऊ नये. मिसरात हेच लोक राजाची कोठारे बांधीत होते. कोठाराच्या अर्थव्यवस्थेतून बाहेर पडलेल्या माणसांना पहिला धडा मिळाला तो साठेबाजीविरुद्धचा होता. ‘रोजची भाकर’ मागणाऱ्याच्या कानात ही कथा घुमत असणार.

आणि जो रोजंदारीवर जगतो त्याला ‘रोजची’ या शब्दाचा अर्थ ग्रीक शब्दकोश न पाहताही कळतो. मत्तयाच्याच शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. सकाळी, दुपारी आणि दिवस मावळायच्या सुमारास बाजारात उभे असलेले मजूर तो कामावर घेतो आणि संध्याकाळी प्रत्येकाला एकच दिनार देतो. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. शेवटच्या तासाला आलेल्यांना दिवसभर कोणी कामावर बोलावलेच नव्हते. पण त्यांची चूल संध्याकाळी पेटणे तितकेच आवश्यक होते. मजुरी श्रमाच्या मापाने द्यावी की गरजेच्या, हा वाद समाजवादी विचारात पुढे शेकडो वर्षांनी उभा राहिला. त्याचे बीज या गोष्टीत आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

येथे मराठी भाषांतरकारांना धन्यवाद दिले पाहिजेत. १८०५ साली श्रीरामपूरच्या मिशनने मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले, तेव्हापासून या भाषांतराची परंपरा चालू आहे. पंडिता रमाबाईंनी तर मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे याच कामी वेचली. मराठी ख्रिस्ती घरांत रूढ असलेल्या प्रार्थनेत ‘अन्न’ नाही, ‘भोजन’ नाही, ‘भाकर’ आहे. पॅलेस्टाईनमधील गरिबांची भाकर जवाची, इथल्या गरिबांची ज्वारीची नि बाजरीची. शब्द नेमका बसला.

आता ऋणाकडे वळावे. येथे मत्तय आणि लूक यांच्यात लक्षणीय फरक आहे. मत्तयात ‘ओफेइलेमा’ हा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ देणे, कर्ज. लूकने देवापाशी बोलताना ‘पाप’ हा शब्द घातला आहे. परंतु वाक्याच्या उत्तरार्धात, जिथे माणसाने माणसाशी कसे वागावे हे सांगावयाचे आहे, तिथे त्यालाही ऋणकोच ठेवावा लागला. दोघांच्या मागे अरामी भाषेतील ‘होबा’ हा शब्द असावा असे अभ्यासक मानतात. येशूच्या बोलभाषेत त्याचा अर्थ पापही होता आणि कर्जही. लूकचा पाठ नीट वाचला तर एक मर्मभेदक गोष्ट ध्यानी येते. देवापुढे जे पाप असते ते माणसामाणसांत शेवटी देण्याघेण्याच्या रूपानेच वावरत असते.

इंग्रजी भाषेत मात्र निराळेच घडले. टिंडेलने १५२६ साली केलेल्या भाषांतरात आणि पुढे १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात कर्जाची जागा आगळिकीच्या, हद्द ओलांडण्याच्या शब्दाने घेतली. तो शब्द मनगढंत नव्हे; प्रार्थनेच्या लगेच पुढे मत्तयाने स्वतःच अपराधांच्या क्षमेविषयी भाष्य केलेले आहे. पण परिणाम असा झाला की इंग्लंडच्या चर्चमध्ये जमीनदार आणि कूळ शेजारी उभे राहून ती प्रार्थना म्हणू लागले आणि दोघांपैकी कोणालाही खंडाची आठवण होण्याचे कारण उरले नाही. मराठी प्रार्थनेने ‘ऋण’ हा शब्द टिकविला. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिने ऋण ‘माफ’ केले नाही, ‘सोडले’.

या क्रियापदापाशी थोडे थांबणे अगत्याचे आहे. ग्रीक मूळ ‘आफिएमी’ याचा अर्थ सोडणे, मोकळे करणे, जाऊ देणे असा आहे. त्याचेच नाम ‘आफेसिस’ हे जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दोन कायद्यांसाठी वापरलेले आहे. पहिला, अनुवादाच्या पुस्तकातील १५ व्या अध्यायाचा: दर सातव्या वर्षी धनकोने आपले येणे सोडावे. दुसरा, लेवीयाच्या पुस्तकातील २५ व्या अध्यायाचा: पन्नासाव्या, म्हणजे योबेलच्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी आणि कर्जापायी विकला गेलेला माणूस स्वतंत्र व्हावा. जमीन देवाची, माणूस तिच्यावर उपरा, तेव्हा ती कायमची विकता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व. ‘सोडणे’ या शब्दाला हा एवढा कायदेशीर आणि आर्थिक इतिहास आहे. महाराष्ट्रातील शेतकरी चळवळीने ‘कर्जमाफी’ हा शब्द नाकारून ‘कर्जमुक्ती’ हा शब्द धरला, त्यामागचा विवेक हाच होता. माफी गुन्हेगाराला असते. जो पिकवूनही बुडतो तो गुन्हेगार नव्हे; तो बांधला गेलेला आहे, त्याला सोडावयाचे आहे.

हे कायदे प्रत्यक्षात कितपत पाळले गेले? येथे अर्थशास्त्राचा एक जुना आक्षेप उभा राहतो: कर्ज बुडणारच असेल तर ते देणार कोण? हा आक्षेप कायदा रचणाऱ्यांनाही ठाऊक होता. सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजू भावाला हात आखडू नको, अशी ताकीद त्याच अध्यायात आहे. पण ताकिदीने पतपुरवठा होत नाही. येशूच्या जन्मापूर्वी थोडी वर्षे हिल्लेल या थोर धर्मपंडिताला दिसले की सातव्या वर्षाच्या भीतीने लोक कर्जच देईनासे झाले आहेत. त्याने ‘प्रोझबुल’ नावाची तोड काढली. धनकोने आपले येणे न्यायसभेच्या हवाली केल्याचा लेख करावा, म्हणजे ते सातव्या वर्षी सुटणार नाही. हेतू दयेचा होता, गरिबाला कर्ज मिळावे म्हणून. परिणाम असा झाला की कर्ज मिळू लागले आणि सुटका नाहीशी झाली. नीतीने दिलेला नियम संस्थेच्या अभावी कसा उलटतो याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

पुढे काय झाले ते जोसीफस या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. इ.स. ६६ मध्ये जेरुसलेममध्ये रोमविरुद्ध उठाव झाला तेव्हा बंडखोरांनी दफ्तरखान्याला आग लावून सावकारांची कर्जखते जाळली. ऋणकोंचा मोठा समुदाय आपल्या बाजूस यावा हा त्यांचा हेतू होता. मराठी श्रोत्याला येथे १८७५ सालचा मे महिना आठवल्यावाचून राहणार नाही. त्या महिन्याच्या १२ तारखेला पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने व घरे गाठली. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. मागणी एकच होती: खते बाहेर काढा. जिथे ती मिळाली तिथे बहुधा माणसाच्या अंगाला हात लागला नाही. कागद मात्र जळले. त्यातून चौकशी आयोग आला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. अठराशे वर्षांच्या अंतराने दोन ठिकाणच्या दरिद्री माणसांनी एकाच वस्तूला आग लावावी, यात योगायोग नाही. जे स्वेच्छेने सोडले जात नाही ते कधी तरी जाळले जाते.

प्रार्थनेतील ऋणाच्या मागणीला एक अट जोडलेली आहे, आणि ती सबंध प्रार्थनेतील एकमेव अट आहे. माणसाने आपल्या ऋणकोंना सोडले तशी त्याचीही सुटका व्हावी. मत्तयाच्या प्राचीन पाठात हे क्रियापद भूतकाळी आहे. अगोदर माणसाने सोडलेले असते, मग तो मागतो. म्हणून प्रार्थना ही कृतीची पळवाट आहे हा विवेकवाद्यांचा आक्षेप निदान या प्रार्थनेला लागू पडत नाही. जो तिचा शब्दशः उच्चार करतो आणि कोणालाही सोडीत नाही, तो आपल्याविरुद्धच कबुलीजबाब देत असतो.

या अटीचे भाष्य म्हणजे मत्तयाच्या १८ व्या अध्यायातील निर्दय सेवकाची गोष्ट. एका सेवकाला राजाचे दहा हजार तालांत देणे होते. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार; तेव्हा हे कर्ज सहा कोटी दिनारांचे. वर्षात तीनशे दिवस काम धरले तर एका मजुराची दोन लाख वर्षांची मजुरी! जोसीफसच्या आकड्यांनुसार हेरोद अंतिपासाला गालिल आणि पेरिया या दोन्ही प्रांतांतून वर्षाला दोनशे तालांत मिळत. म्हणजे त्याचे पन्नास वर्षांचे उत्पन्न. हे कर्ज फिटणारे नव्हतेच. राजाला दया आली आणि त्याने ते सोडले. तो सेवक बाहेर पडतो तोच त्याला शंभर दिनारांचे देणे असलेला सोबती भेटतो. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, फिटण्याजोगी रक्कम. सेवक त्याची नरडी धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. दोन कर्जांचे प्रमाण सहा लाखांस एक. राजा ही वार्ता ऐकून आपली सूट मागे घेतो.

मित्रहो, ही गोष्ट केवळ चर्चमध्ये सांगण्याची नाही. २००८ साली केंद्र सरकारने देशभर, आणि २०१७ व २०१९ साली महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जाला सूट दिली. चळवळीने या मागण्यांसाठी मोर्चे काढले ते रास्तच होते. पण बँकेचे कर्ज सुटलेल्या बागायतदाराकडे त्याच गावात एक सालगडी असतो, आणि त्या सालगड्याच्या नावावर मुलीच्या लग्नाची किंवा दवाखान्याची उचल असते. ऊसतोडणी कामगाराच्या डोक्यावर मुकादमाची उचल असते आणि ती फिटली नाही तर पुढचा हंगाम आधीच विकला जातो. वेठबिगारी पद्धती निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याने वेठीला कारण झालेले प्रत्येक कर्ज आपोआप संपुष्टात आले असे जाहीर केले. कायदा कागदावर उभा आहे. वरचे ऋण सुटले आणि खालचे सुटले नाही, तर ती मुक्ती राजाच्या दारातून बाहेर पडल्याबरोबर नरडी धरणाऱ्या सेवकाची मुक्ती होय. समाजवादी कार्यकर्त्याने मोर्चात जाताना हा प्रश्न आपल्या व्यासपीठावरील पुढाऱ्यांनाही विचारला पाहिजे, आणि घरी जाऊन स्वतःलाही.

हिल्लेलचा धडाही विसरता कामा नये. सुटकेबरोबर पतपुरवठ्याची संस्था उभी राहिली नाही तर ऋणको दुसऱ्याच दिवशी त्याच उंबऱ्यावर जातो. हिंदू विधीतील दामदुपटीच्या नियमाने एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास मनाई केली होती; सावकाराने खत बदलून नवे मुद्दल केले की नियम पांगळा होई. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे तीन टक्केच सहकारी संस्थांकडून आल्याचे आणि जवळजवळ सत्तर टक्के सावकारांकडून आल्याचे दिसून आले. त्यानंतर सहकार वाढला, १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, हे खरे; परंतु ज्याच्या नावे सातबारा नाही त्या मजुराला अजूनही उचलच जवळची वाटते. सोडणे ही नीती आहे, तर पुन्हा बांधले जाऊ नये ही व्यवस्था आहे. दोन्ही हव्यात.

ख्रिस्ती संस्थांनी स्वतः ही प्रार्थना कितपत पाळली, हा प्रश्न कोणी विचारील, आणि तो विचारणे न्याय्य आहे. मध्ययुगातील चर्चने ११७९ च्या लॅटरन परिषदेत उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफन नाकारले. तेच चर्च युरोपातील मोठे जमीनधारक होते आणि कुळांकडून धान्याचा दशांश घेत होते. परंतु शब्द जिवंत राहिला की तो कधी ना कधी आपल्या धन्यालाच जाब विचारतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस योबेलचे नाव घेऊनच गरीब राष्ट्रांच्या कर्जमुक्तीची चळवळ उभी राहिली. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅम येथे श्रीमंत राष्ट्रांची शिखर परिषद भरली असता सुमारे ७० हजार माणसांनी हातात हात घालून तिच्याभोवती साखळी केली. १९९९ आणि २००५ साली गरीब राष्ट्रांना सवलती मिळाल्या, त्यांत या दडपणाचा वाटा होता. २०२५ च्या योबेल वर्षाच्या निमित्तानेही पोप फ्रान्सिस यांनी हीच मागणी पुन्हा मांडली होती.

शेवटची मागणी कसोटीची. त्या ग्रीक शब्दाचा अर्थ मोह असाही होतो आणि परीक्षा असाही. देव माणसाला मोहात घालतो काय, या प्रश्नाने इतके अस्वस्थ केले की फ्रेंच चर्चने २०१७ साली आणि इटालियन चर्चने २०२० साली आपल्या प्रार्थनेतील शब्द बदलले. राजकीय कार्यकर्त्याने मात्र मत्तयाच्या चौथ्या अध्यायाकडे पाहावे. तेथे येशूपुढे तीन मोह उभे राहतात: दगडांची भाकर करण्याचा, मंदिराच्या शिखरावरून उडी घेऊन लोकांना दिपविण्याचा, आणि सगळ्या राज्यांची सत्ता हाती घेण्याचा. फुकट वाटपाची लोकप्रियता, चमत्काराचा देखावा आणि तत्त्व विकून मिळणारी सत्ता. कोणत्याही पक्षाला या तिहींच्या बाहेरचा मोह अजून सापडलेला नाही. तिन्ही नाकारल्यावरच त्याने भाकर आणि राज्य हे शब्द प्रार्थनेत घातले. भाकर मागावयाची, पण तिचे आमिष करावयाचे नाही. राज्य यावे, पण ते कोणाच्या पाया पडून नव्हे.

ही प्रार्थना म्हणणाऱ्याने समाजवादी व्हावे किंवा समाजवाद्याने ती म्हणावी, असा या विवेचनाचा आग्रह नाही. श्रद्धा ज्याची त्याची. पण वसईच्या किंवा नगरच्या एखाद्या वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्याने पुढच्या रविवारी ती ऐकली, तर त्याने दाराबाहेर उभे राहून वाट पाहू नये. आतल्या माणसांशी बोलण्याचा विषय त्यांच्याच ओठांवर आहे. या वाडीत आज कोणाच्या घरी भाकर झाली नाही? आणि येथे कोणाचे खत कोणाच्या पेटीत आहे? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्याकरिता आस्तिक आणि नास्तिक यांनी एकाच ओसरीवर बसण्यास काहीच हरकत नसावी.